वस्त्रगाळ

त्रिशला मगदूम पहिल्यांदा दुकानात आल्या
तेव्हा मला वाटलं, तंबोरा हवा असेल.
म्हणाल्या, गज द्या. सारंगीचा. आणि थोडी राळ.
काय वाजवता?
म्हणाल्या, पत्रा.

मिरजेत आमची चौथी पिढी भोपळे कोरते.
पत्रा वाजवणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलं नव्हतं.

मग कळत गेलं, थोडं थोडं.
बाईंची बावीस वर्षं लेझरच्या प्रयोगशाळेत गेली,
तळघरात, हवेवर तरंगत्या टेबलाशेजारी.
रस्त्यावरून ट्रक गेला,
वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली,
तरी किरण हलायचा,
आणि बाईंचं काम एवढंच
की तो हलता कामा नये.
"बावीस वर्षं मी थरथर मारली, दस्तगीरभाई,"
असं म्हणत त्यांनी घोडीवरचा जवारीचा दोरा
नखानं केसभर सरकवला,
आणि तार अशी बोलली
की मी हातातली कानस खाली ठेवली.

हरिपूरच्या वाटेला त्यांची शेड.
तिथं जमिनीखाली हळदीची पेवं होती एकेकाळी.
पुरानं बुजली.
पाऊस लागला की मातीला अजून वास येतो,
असं त्या म्हणतात. मला आला नाही.

शेडमध्ये पितळेचा चौकोनी पत्रा,
मधोमध बोल्टनं आवळलेला.
त्यावर हळदीची भरड चाळायची,
एका कडेला बोट टेकायचं, दुसरीवरून गज ओढायचा.
पत्रा किंचाळतो, आमच्या कानाला तर अगदी बेसूर,
आणि हळद उठते,
पळते, भांबावते, एकमेकींना धडकते,
आणि एकदम रेषेत उभी.
बोटांशिवायची रांगोळी.
"जिथं पत्रा हलत नाही तिथं ती साचते.
हा न हलणाऱ्या जागांचा नकाशा."
मला पटलं.
घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

एके दिवशी भरड संपली होती.
बाईंनी वस्त्रगाळ घेतली, गज ओढला,
आणि हळद उलटी गेली.
रेषा सोडून दिल्या तिनं.
पत्रा जिथं सगळ्यात जास्त कापतो
तिथं जाऊन बसली, ढिगुळ्या करून,
दुधाला उकळी यावी तशी आतल्या आत फिरत.
मी म्हटलं, चुकलं काहीतरी.
"नाही. इतकी बारीक झाली की
तिला पत्रा हलवत नाही,
पत्र्यावरची हवा हलवते."
मग बराच वेळ गप्प.
"शिकवलंय मी हे. फळ्यावर.
पाहिलं नव्हतं."

त्यांचे अण्णा मार्केट यार्डात अडत्ये होते.
रुमालाखाली बोटं दाबून हळदीचे सौदे केलेले,
चाळीस वर्षं, तोंडातून शब्द न काढता.
आता त्याच बोटांत कंपवात.
चहा अर्धा कपच द्यावा लागतो.
बाईंनी त्यांच्या हातात चाळण दिली,
म्हणाल्या, नुसती धरा.
पितळेवर हळद अशी पडली,
एकसारखी, कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही,
की माझ्या हातून पन्नास वर्षांत
पॉलिशसुद्धा तसं बसलं नाही.
बाई बघत राहिल्या. गज हातातच.
अण्णांनी वाकून पत्र्याकडे पाहिलं, चिमूट उचलली.
"राजापुरी आहे," म्हणाले,
"पण कुणीतरी सेलम मिसळलीय."

डिंकाचा ओला कागद अलगद टेकवून
त्या दिवशीचं चित्र उचललं.
ते मी मागून घेतलं.
बाई म्हणाल्या, उन्हात ठेवू नका, हळद उडते.
मी दाराआड लावलं, तरी उडायची तेवढी उडालीच.
गिऱ्हाईक तंबोरा बघता बघता विचारतं,
इथं कोरा कागद का टांगलाय?

जवळ जाऊन वास घ्या, म्हणतो.
बहुतेक जण घेत नाहीत.